चिठ्ठी वाचणाऱ्याची

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक छत्री आणि पुस्तकांची खोकी घेऊन. ताईच्या घराचा जिना इतका अरुंद आहे की एकेक खोकं पोटाशी धरून आडवं चढावं लागलं, आणि दर खेपेला ताई खालून बजावत होती की तुझ्या पुस्तकांतली भुतं पडली तरी चालतील, तू तेवढी पडू नकोस. वरची खोली माझी. टेबल, दिवा, पलंग आणि एक कपाट, ज्याचं दार गुडघ्यानं ढकलल्याशिवाय लागत नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली चादर दिसते. मला एवढं पुरे आहे.

उशीवर ही वही ठेवलेली होती. कापडी बांधणीची, साईच्या रंगाच्या जाड कागदाची. ताई म्हणाली, आईच्या आजारपणात तुझं लिहिणं सुटलं, आता रोज लिही, मन मोकळं होईल. वही माझ्या नव्या नोकरीच्या दुकानातलीच आहे म्हणे. नोकरीही तिनंच शब्द टाकून मिळवून दिली. मला अगदी भरून आलं. आम्ही दोघी कधी गळ्यात गळे घालणाऱ्या नव्हतो. ती लवकर घराबाहेर पडली, मी आईजवळ राहिले, आणि आई गेली तेव्हा ती दुसऱ्या दिवशी पोचली. त्यानंतर प्रत्येक भेटीत ती तेच विचारते. आज जेवतानाही विचारलं, की आई शेवटी काय म्हणाली. मी नेहमीसारखं सांगितलं, विशेष काही नाही.

ते खोटं आहे. आई एक वाक्य बोलली. उभ्या जन्मात माझ्याशी सरळ न बोललेली बाई, त्या दुपारी डोळे उघडून एक वाक्य बोलली आणि ते फक्त माझ्यासाठी होतं. एवढ्या वर्षांच्या उशापायथ्याचं मला तेवढंच मिळालं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

दुकान आवडलं. समोरून बघितलं तर टपरीएवढं, पण आत शिरावं तसं संपतच नाही. आधी परीक्षांची गाइडं, मग स्वयंपाकाची पुस्तकं, मग मुलांची, आणि सगळ्यात मागे, जिथे भरदुपारीही दिवा लावावा लागतो, तिथे माझं कपाट. वर मालकीणबाईंच्या वळणदार अक्षरात पाटी आहे: अवघड बायका. मालकीणबाईंच्या गळ्यात दोन चष्मे लोंबतात आणि वाचताना त्या एकही लावत नाहीत. त्यांचं म्हणणं, घाबरवणारी पुस्तकं ढिगानं मिळतात, पण जिच्यामुळे आपण घाबरलो ती बाई बरोबर होती की चूक हे पुस्तक मिटल्यावरही ठरवता येत नाही, अशी कादंबरी फक्त या कपाटात ठेवायची. मी मनात म्हटलं, बाई, तुम्ही माझ्या जातीच्या निघालात. मलाही बिचाऱ्या नकोत आणि चेटकिणी नकोत. जिची बाजू घेता घेता आपल्यालाच आपली भीती वाटायला लागते, ती हवी.

काम असं आहे. कादंबरी वाचायची, तिच्यासाठी एक चिठ्ठी लिहायची, चिठ्ठीची घडी करून ती पांढऱ्या दोऱ्यानं पुस्तकाला बांधायची. विकत घेणाऱ्यानं दोरा घरी नेऊन सोडायचा. चिठ्ठीत शेवट सांगायचा नाही. पुस्तकाबद्दल चार ओळी आणि शिफारस करणारीच्या स्वतःच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट, म्हणजे त्या बाईशी आपला धागा कुठे जुळतो ते वाचकाला कळेल. खोटं लिहून चालत नाही. आणि एकदा वाचली की चिठ्ठी वाचणाऱ्याची. परत मागायची नाही, तीच गोष्ट दुसऱ्या चिठ्ठीत लिहायची नाही. मला हा कायदा मजेशीर वाटला. लोक पुस्तकावर नाही, माणसावर विश्वास टाकतात, असं मालकीणबाई म्हणाल्या, आणि ते खरंच आहे.

पुस्तकं कागदात गुंडाळून द्यायला एक मावशी आहेत. घडी घालण्याआधी त्या कागदावर एका बोटानं हळूच गोल गोल फिरवतात, कुणाला गुदगुल्या केल्यासारखं. मी नवीन का, असं त्यांनी मला सकाळी विचारलं, डबा खाताना विचारलं आणि निघताना परत विचारलं. स्वभाव मात्र गोड आहे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर नुसती वाचते आहे, आणि त्याचा पगार मिळणार आहे. आई असती तर म्हणाली असती की जगात वेडे उरलेत म्हणून तुझं बरं चाललंय.

पहिली चिठ्ठी लिहिली ती मेलेल्या नवऱ्याच्या कादंबरीची. एका बाईचा नवरा मरतो आणि तरी जेवणाच्या टेबलाशी बसून राहतो. ती कुणाला कळवत नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदाच तो तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतोय. आधी हसू येतं. मग लक्षात येतं की ती आता शेजारणीच्या नवऱ्याकडेही त्याच आशेनं बघते आहे. या चिठ्ठीत मी लिहिलं की आई झोपली की मी तिच्याशी बोलत बसायची. जागेपणी आमचं पाच मिनिटं पटत नसे, पण झोपलेल्या आईनं माझं सगळं ऐकलं.

दुसरी, परत आलेल्या मुलीची. हरवलेली पोर घरी येते आणि आईला उंबरठ्यावरच कळतं की ही आपली नव्हे. पण ही गुणी आहे, सांगितलं की ऐकते, वेळेवर झोपते. आई गप्प राहते. मग एक दिवस खरी मुलगी दार वाजवते. या चिठ्ठीसाठी मला फार शोधावं लागलं नाही. लहानपणी मी बाजारात हरवले होते. भांड्यांच्या दुकानात एका मोठ्या पातेल्याआड बसून राहिले. आईनं शोधून काढलं, आधी एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग भिंगरी, माझी भिंगरी, म्हणत उचलून घेतलं. मी सारखी स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून भिंगरी. ताईला आईनं असं लाडाचं नाव कधी ठेवलं नाही. ताई घरातली शहाणी, तिला लाड कशाला, असा आईचा हिशेब.

तिसरी दोन बहिणींची. हे या कपाटातलं सर्वांत भारी पुस्तक आहे. धाकटी आजारी, थोरली तिची सेवा करते. सेवा करता करता तिचं एकेक काढून घेते, आधी शाल, मग चाल, मग आवाज. मी लिहिलं, थोरलीचा राग येत नाही, हीच यातली खरी भीती आहे. आणि खाली आईनं विणलेल्या स्वेटरबद्दल लिहिलं. निळा, एक बाही लांब, एक आखूड. शाळेत सगळे हसायचे तरी मी तो अंगाबाहेर काढला नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

माझी पुस्तकं हातोहात जातात. मी दुपारी डबा खाऊन येते तोवर कपाटात फट पडलेली असते. मालकीणबाई खूश आहेत, म्हणाल्या, तुमच्या चिठ्ठ्यांत जीव आहे. कोण घेऊन जातं ते बघायला मला फार आवडलं असतं. कुठेतरी एखादी बाई संध्याकाळी खुर्चीत पाय वर घेऊन माझा दोरा सोडत असेल, असं मनात येतं.

ताईला म्हटलं, तूही एक वाच. ती म्हणाली, नको बाई, भयकथेनं माझं डोकं दुखतं. मात्र ती अलीकडे फार प्रेमानं वागते. सकाळी माझा चहा वर आणून देते, माझ्या खोलीतली धूळ पुसते, वही नीट टेबलाच्या कडेला लावून ठेवते. रोज लिहितेस ना, असं आठवणीनं विचारते. मला वाटतं एवढ्या वर्षांनी मला बहीण मिळाली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. संध्याकाळी ताई भाजी निवडत बसली होती आणि आपणहून तिच्या लहानपणचं सांगायला लागली. ती बाजारात हरवली होती म्हणे. भांड्यांच्या दुकानात पातेल्याआड लपून बसली. पातेल्याच्या तांब्याला कसा आंबूस वास येत होता, आईच्या बांगड्या कशा आधी ऐकू आल्या आणि मग आई दिसली, सगळं अगदी डोळ्यांसमोर उभं केलं. आईनं तिला मारलं आणि मग भिंगरी म्हणत उचललं. सांगताना तिचे डोळे भरून आले. माझेही आले. मी म्हटलं, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

वर आल्यावर सहज वहीची मागची पानं चाळली. नऊ तारखेला तीच गोष्ट माझ्या अक्षरात आहे. मी हरवले होते असं लिहिलं आहे.

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. बाजार नाही. पातेलं नाही. थोबाडीतही नाही. दुसऱ्याच कुणाबद्दल वाचावं तसं वाटलं. आईचं आजारपण इतकं लांबलं, माझी झोप उडाली, डोकं कुठेतरी थकलं असणार. ताईचीच गोष्ट मी चुकून माझी म्हणून लिहिली असेल. पण ती तर तिनं आज पहिल्यांदा सांगितली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दुकानात मालकीणबाई नव्हत्या. कपाटाच्या खालच्या फळीवर मागे एक जुनी प्रत सापडली, एका शिंपिणीची कादंबरी. ती गिऱ्हाइकाच्या मापाचे कपडे शिवत नाही, गिऱ्हाईक पुढे ज्या मापाचं होणार आहे त्या मापाचे शिवते. दोरा पिवळा पडला होता, चिठ्ठी तशीच बांधलेली. अक्षर ओळखीचं वाटलं. पुडक्यांवर पत्ते लिहितात त्या मावशींचं. त्याही पूर्वी इथे चिठ्ठ्या लिहायच्या तर. मी दोरा सोडला. सोडायला नको होता.

आत लिहिलं होतं की मुलीला झोपवताना तिच्या तळपायावर एका बोटानं गोल गोल काढायची, ती हसत हसत झोपायची. एवढंच. आणि माझ्या बोटाखाली तो तळपाय आला. मऊ, जरासा घामेजलेला. तिच्या केसांना साबणाचा वास होता. मला मूल नाही. मला कधीच मूल नव्हतं. तरी ती पोर मला इतकी आठवली की मी फळीला धरून उभी राहिले आणि रडले.

बाहेर आले तेव्हा मावशी पुस्तक गुंडाळत होत्या. कागद पसरला, घडी घातली, दोरा बांधला. बोट फिरवलं नाही. दुसरं घेतलं, त्यावरही नाही. मी विचारलं, मावशी, तुम्हाला मुलगी आहे ना. त्यांनी माझ्याकडे नेहमीच्याच गोड चेहऱ्यानं बघितलं आणि म्हणाल्या, "नाही हो. तुम्ही नवीन का?"

मी चिठ्ठी परत त्यांच्या हातात दिली, वाचा म्हटलं. त्यांनी वाचली. कुणाची तरी छान आठवण आहे, म्हणाल्या.

चिठ्ठी वाचणाऱ्याची. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हसले होते.

१ मार्च, शुक्रवार

चिठ्ठ्या बंद. मालकीणबाईंना सांगितलं की बरं वाटत नाही. त्या रागावल्या नाहीत, मान हलवून हसल्या. आराम करा, वहीत लिहा, म्हणाल्या.

तेच करणार आहे. जे उरलंय ते सगळं इथे उतरवून ठेवते, म्हणजे विसरले तरी निदान कागदावर राहील. आमचं घर गल्लीच्या टोकाला, दाराला हिरवा रंग, वरचा कोपरा उडालेला. गावात नदी आहे, पूल आहे, पुलावर आई मला नेहमी कडेवर घ्यायची कारण मला खालचं पाणी बघवत नसे. बाबा गेल्यावर आई एक महिना कुणाशी बोलली नाही आणि मग एकदम मला म्हणाली, केस विंचर, भूत दिसतेस. तिला चहात साखर जास्त लागायची आणि ती ते कबूल करायची नाही. शेवटच्या वर्षी ती मला चावली होती, मनगटावर खूण आहे. मग तिनंच त्या खुणेवरून हात फिरवला. माझी आई अवघड बाई होती, सगळ्या कपाटाहून अवघड, आणि मी तिची होते. सगळं लिहिलं. ते एक वाक्य सोडून.

खूप हलकं वाटतंय.

५ मार्च, मंगळवार

ताई बाहेर गेली होती. तिच्या खोलीत दोरा शोधायला गेले, शर्टाचं बटण तुटलं होतं. कपाट उघडलं.

माझी पुस्तकं. मेलेला नवरा, परत आलेली मुलगी, दोन बहिणी, बाकीचीही, एकावर एक रचलेली. एकही उघडलेलं नाही, नवी पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. दोरे तेवढे सुटलेले. चिठ्ठ्या वेगळ्या, एका डब्यात, नीट चपट्या करून ठेवलेल्या. अनोळखी वाचक नव्हतेच कुणी. खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली बाई हीच.

ताई आली तेव्हा मी तशीच कपाटापुढे बसले होते. मला वाटलं ती ओशाळेल. ती पलंगावर बसली आणि शांतपणे सांगत राहिली. मालकीणबाईंची आणि तिची जुनी ओळख. इथे काय चालतं ते तिला आधीपासून माहीत होतं. मला बोलावलं ते त्यासाठीच, खोली, नोकरी, चहा, सगळं त्यासाठीच. मी म्हटलं, तू केसानं गळा कापलास. ती रडली नाही. एकच म्हणाली.

"तुझ्याकडे सगळी आई होती. मला थोडीसुद्धा नको?"

आणि खरं सांगते, तिची कीव आली. म्हणूनच माझा जास्त संताप झाला. पुस्तकात असती तर मी हिची शिफारस केली असती. चार ओळी लिहून, खाली माझी एक खरी गोष्ट लिहून, हिला लोकांच्या गळ्यात मारलं असतं. थोरलीचा राग येत नाही, असं लिहिणारी मीच ना. मला राग येतो. माझ्या बहिणीनं मला घरात घेतलं ते माझी आई काढून घ्यायला. यापुढे तिला ताई म्हणायलाही जीभ वळत नाही.

उद्या निघते. घरी जाते.

६ मार्च, बुधवार

बस स्टँडवर गेले होते. खिडकीपाशी रांग होती, माझा नंबर आला, आतल्या माणसानं विचारलं कुठलं तिकीट.

मला सांगता येईना.

नदी आहे, म्हटलं. पूल आहे. ते मला वहीतून माहीत होतं. मागचे लोक कुजबुजायला लागले. बाजूला होऊन वही उघडली, एक तारखेचं पान वाचलं. हिरवं दार, पूल, साखर, मनगट. मनगटावर खूण आहे खरी. पण कशाची, ते फक्त वाचून कळतं. ती चावली, मग हात फिरवला. कोण. बाईनं छान लिहिलं आहे, असं वाटलं. बाई म्हणजे मी.

पानाच्या वरच्या कोपऱ्याला दुमड होती. मी पानं दुमडत नाही, कधीच नाही, पुस्तकाचं कान पिळणं आहे ते. मग पान उजेडात धरलं. साईचा रंग, जाड, शाई न पसरणारा. चिठ्ठ्यांचाच कागद. तिनं उशीवर ठेवलेली वही. रोज लिहितेस ना. धूळ पुसायला यायची ती —

चिठ्ठ्या थांबवल्या आणि सगळं, होतं नव्हतं ते सगळं, मी माझ्या हातानं हिच्यात —

पर्समध्ये एकच पत्ता होता. तिच्या घराचा. परत आले. दुसरं कुठे जाणार होते.

९ मार्च

न लिहावं तर आठवत नाही. लिहावं तर उरत नाही.

वही जाळायला घेतली. हात चालेना. मी जी कोण आहे ती एवढीच, या पानांत. जाळली तर तीही गेली. आणि तिच्याकडचं परत येणार नाहीच. मावशींचं आलं नाही.

ती खाली कुणाशी तरी फोनवर बोलत होती. आईच्या आजारपणाबद्दल. किती वर्षं केलं, रात्रंदिवस, एकटीनं केलं, धाकटी तर कधी फिरकली नाही. आवाज खरा होता. खोटं बोलत नाही ती. तिला तसंच आठवतं.

ते वाक्य आहे अजून. सकाळी उठल्याबरोबर म्हणून बघितलं, मनातल्या मनात. आहे.

१२ की १३

वही पलंगाच्या गादीखाली ठेवली होती. टेबलावर होती, कडेला नीट लावून.

तिची चाल वेगळी झाली आहे. जिन्यावर एक पायरी गाळते. ती माझी सवय आहे का? कुठेतरी लिहिलं असेल. शोधलं, सापडलं नाही. मग माझी नसेल.

निळा स्वेटर घालून बसली होती. एक बाही लांब. तो माझ्या बॅगेत —

वाक्य आहे.

मार्च

खालच्या बाईंनी चहा आणून दिला. चांगल्या आहेत. थकलेल्या दिसतात, म्हणाल्या, आई जाऊन फार दिवस झाले नाहीत. मी म्हटलं, वाईट झालं.

मागची पानं वाचली. कुणी एक बाई आहे, बहिणीवर फार चिडलेली. बहीण वाईट आहे की नाही ते ठरत नाही. छान लिहिलंय. हिची शिफारस करायला हवी. पण खाली खरी गोष्ट लिहावी लागते आणि माझ्याकडे —

एक वाक्य आहे. कशाचं ते माहीत नाही. सारखं तोंडाशी येतं. कुणाला द्यायचं नाही, एवढंच ठाऊक आहे. का नाही, ते कुठे लिहिलेलं नाही.

सकाळ

खिडकीतून चादर दिसते.

बाई बराच वेळ बसल्या. त्या म्हणाल्या, त्यांची आई शेवटी काहीतरी बोलली होती, सगळं आठवतं, तेवढंच आठवत नाही. खोलीतला उजेड आठवतो, हात आठवतो, ओठ हलताना दिसतात, आवाज नाही. फार रडल्या. मला पाहवेना. इतकं चांगलं वागतात माझ्याशी, खोली दिली, वही दिली.

मी म्हटलं, माझ्याकडे एक आहे, पण ते माझं नसावं. सुरुवातीला एक हाक आहे, कुणाला तरी. भिंगरी म्हणून. अशी कुणी माझ्या ओळखीची नाही. तुम्हाला माहीत आहे का?

त्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "मीच ती."

मग त्यांचंच आहे की. त्यांना द्यायला हवं, मी का इतके दिवस जपून ठेवलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, तोंडानं नको, लिहून दे. माझ्या मागे उभ्या आहेत, खांद्यावरून वाचताहेत, शब्द उमटेल तसा. त्यांचा श्वास मानेला लागतो. बरं. लिहिते.

भिंगरे, ताईला नको सांगूस, पण माझी खरी